अळी कुणाच्या वाट्याची?

रोवणी आटोपून महिना झालेला असतो. गोंदिया जिल्ह्यातल्या झालिया-परसवाड्याकडच्या धानाच्या बांधीतून सारसाची जोडी सावकाश चालते, मध्ये बदामी रंगाचं पिल्लू. मादी वाकते, धानाच्या बुडातून नाकतोडा उचलते आणि पिल्लाच्या चोचीपुढे धरते. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच, जवळपास सहा फुटांचा हा पक्षी. पण त्याचं लेकरू वाढतं ते किड्यांवर.

सुगरणीचंही तेच. एरवी दाणे टिपणारी ही बया पिलांना मात्र अळ्या भरवते. धानावर आलेला तिचा थवा सगळ्यांना दिसतो, तिने उचललेल्या अळ्या कोण मोजतो?

आणि नेमकी याच दिवसांत फवारणी असते. गादमाशी, खोडकिडा, तुडतुडे हे इथल्या धानाचे जुने वैरी. शेतकऱ्याला बोल लावणं सोपं. वर्षाचं धान हातचं जात असताना पंप तोही पाठीवर घेणारच. पण फवारा तुडतुडा आणि चतुर यांत फरक करत नाही. तुडतुड्यांवर जगणारे कोळी आधी मरतात, तुडतुड्यांची अंडी मात्र धानाच्या खोडाभोवतीच्या पानांच्या वेष्टनात सुखरूप राहतात. काही दिवसांत पिलं बाहेर पडतात तेव्हा त्यांना खाणारं कुणी उरलेलं नसतं. इंडोनेशियाने हा फटका खाल्ला आणि १९८६ साली भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली.

किडे इतरत्रही घटले आहेत. जर्मनीतल्या संरक्षित जागांत २७ वर्षांत उडत्या किड्यांचं वजन पाऊण हिश्श्याने घटल्याचं २०१७ मध्ये समोर आलं. आपल्याकडे २०२३ च्या देशव्यापी पक्षी अहवालात दीर्घकाळचा कल मोजता आलेल्या ३३८ जातींपैकी ६० टक्के घटत्या निघाल्या. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतो, तो किडेखाऊ नीलकंठही त्यांत आहे.

गोंदियातले सारस गणनेत तीस-चाळिशीच्या आसपास भरतात. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्यांची दखल घेतली. विजेच्या तारांनीही त्यांचे बळी घेतले आहेत. पण तार निदान दिसते, बांधीतलं विष दिसत नाही.

काही बांध्यांत आता पक्षीथांबे दिसतात: बांबूची काठी, तिला आडवी काडी. त्यावर कोतवाल अंधार पडेस्तोवर बसून असतो. खोडकिड्याचा पिवळसर पतंग धानावर उठला की झेपावतो, परत काडीवर येतो, आणि तोडलेले पंख खाली बांधीतल्या पाण्यावर तरंगत राहतात.