सोबत जाणारी माणसं

दिल्लीतल्या निर्वासितांना कोण मदत करतं, असं विचारलं की मोठ्या संस्थांची नावं पुढे येतात. मला मात्र आधी दुभाषे आठवतात. बहुतेक जण स्वतःच कधीतरी परागंदा होऊन आलेले. इथे येऊन हिंदी शिकलेले, दवाखान्याच्या रांगा पाठ झालेले. या शहरातली निर्वासितांची सगळी व्यवस्था त्यांच्या खांद्यावर उभी आहे.

याचं कारण कायद्यात आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही. १९४६ चा परदेशी नागरिकांविषयीचा कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला, पण निर्वासित कोणाला म्हणायचं हे त्यातही सांगितलेलं नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतल्या तमिळ निर्वासितांचं सरकार स्वतः पाहतं. म्यानमार, अफगाणिस्तान, सोमालियातून आलेल्यांनी जायचं ते संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाकडे. तिथे नोंदणी होते, अर्ज विचाराधीन असल्याचा कागद मिळतो, मग मुलाखत, आणि निकाल बाजूने लागला तर कार्ड.

या मुलाखतीवर माणसाचं पुढचं आयुष्य ठरतं. घर का सोडलं, कोणी धमकावलं, कोणत्या महिन्यात, हे सगळं अनोळखी माणसासमोर सांगायचं. अफगाण माणूस साल सांगतो ते त्यांच्या सौर पंचांगातलं. त्यांचं १४०० साल आपल्या मार्च २०२१ मध्ये सुरू झालं. घाईत रूपांतर चुकलं की जबानीत विसंगती दिसते आणि खरं बोलणाराच खोटा ठरू शकतो. म्यानमारमधल्या चिन समाजाच्या लोकांची अडचण वेगळी. म्यानमारचे म्हणून बर्मी जाणणारा दुभाषा दिला, तर हाखा किंवा तेदिमकडच्या खेड्यातल्या बाईला त्याचं बोलणं जेमतेम कळतं. तिला तिच्याच बोलीचा माणूस हवा असतो, आणि तो मिळायला हवा.

कार्ड हातात आल्यावर खरी धावपळ सुरू होते. सरकारी रुग्णालयाची ओपीडी घ्या. केसपेपर कुठे काढायचा, कोणत्या खिडकीवर, रक्ताचा रिपोर्ट कधी मिळणार, हे विचारायला भाषा लागते. पाळी चुकल्याचं किंवा नवऱ्याने मारल्याचं डॉक्टरला सांगायचं असेल, तर शेजारचा पुरुष दुभाषा चालत नाही, बाईच लागते. शाळेचंही तसंच. शिक्षण हक्क कायद्याने दार उघडलं, तरी हिंदी न येणारं दहा वर्षांचं पोर वर्गात नुसतं बसून राहतं. म्हणून सेलेशियन पाद्र्यांची बॉस्को ही संस्था मुलांना हिंदी-इंग्रजी शिकवते, शाळाप्रवेशासाठी पाठपुरावा करते. अशा कामाचे फोटो चांगले येत नाहीत. देणगीदारांनी नेमका याच कामाला पैसा द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

कार्डाने सगळं सुटत नाही. पोलिसाने हटकलं तर दाखवता येतं, पण नोकरीचा हक्क मिळत नाही, आधार मिळत नाही, बँकेत खातं उघडताना अडतं. म्हणून शिकलेला माणूसही रोजंदारीवर जातो आणि मजुरी बुडाली तर तक्रार करायला कचरतो. एप्रिल २०१८ मध्ये कालिंदी कुंजजवळची रोहिंग्यांची वस्ती जळाली, तेव्हा झोपड्यांबरोबर कित्येकांची कार्डं आणि कागदपत्रंही जळाली. अशा वेळी ज्याच्याजवळ दाखवायला काहीच उरत नाही, त्याला आपण कोण हे पुन्हा पहिल्यापासून पटवून द्यावं लागतं.

तरीही लोक जिवाच्या आकांताने या शहराकडे येतात. २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमधून सात जण मणिपुरात आले. त्यांत पत्रकार होते, लहान मुलं होती. त्यांना दिल्लीला जाऊन उच्चायुक्तालयात अर्ज करायचा होता. त्यांच्यासाठी मानवाधिकार वकील नंदिता हक्सर उच्च न्यायालयात गेल्या. जिथे जिवाला धोका आहे तिथे माणसाला परत न धाडणं हे संविधानाच्या कलम २१ मध्येच येतं, असं मणिपूर उच्च न्यायालयाने ३ मे २०२१ रोजी म्हटलं आणि त्या सातही जणांना दिल्लीला जाण्याची वाट मोकळी करून दिली.