रबराचे पटल आणि वायूंचे विलगीकरण

रबरी फुग्याचे तोंड कितीही घट्ट बांधले, तरी एकदोन दिवसांत तो मलूल होतो. फुग्याला छिद्र नसते. मग आतील वायू जातो कोठे? फिलाडेल्फियातील डॉक्टर जे. के. मिचेल यांनी १८३० च्या सुमारास या प्रश्नाचा पाठपुरावा केला. निरनिराळे वायू रबरातून निरनिराळ्या वेगाने निसटतात आणि कार्बन डायऑक्साइड तर फारच त्वरेने निसटतो, असे त्यांना आढळले.

रबर ही जणू बारीक चाळणी आहे असे मानले, तर या निरीक्षणाचा उलगडा होत नाही. कारण कार्बन डायऑक्साइडचा रेणू नायट्रोजनच्या रेणूपेक्षा जड असतो. याचे उत्तर १८६६ मध्ये टॉमस ग्रॅहॅम यांनी दिले. पाण्यात साखर विरघळावी तसा वायू रबरात विरघळतो, त्यातून वाट काढतो आणि पलीकडच्या बाजूने पुन्हा वायुरूपात बाहेर पडतो. त्यांच्या मोजमापानुसार नायट्रोजनच्या मानाने ऑक्सिजन सुमारे अडीचपट, तर कार्बन डायऑक्साइड सुमारे साडेतेरापट वेगाने रबर ओलांडतो. साध्या हवेत ऑक्सिजन शेकडा २१ असतो. रबरी पटलातून निर्वातात ओढलेल्या हवेत तो शेकडा ४१ च्या आसपास भरला. विझत आलेली काडी तिच्यात पुन्हा पेटली!

रबराचे रेणू लांबलचक साखळ्यांसारखे असून नेहमीच्या तापमानाला सतत वळवळत असतात. त्यांच्यामध्ये क्षणभर पोकळी उघडते व मिटते, आणि विरघळलेला रेणू अशा पोकळ्यांतून पुढे सरकतो. मोठा रेणू सावकाश सरकतो हे खरे. परंतु ज्या वायूचे द्रवात सहज रूपांतर होते, तो रबरात पुष्कळ अधिक प्रमाणात विरघळतो. रबरात बहुधा हा दुसरा गुणच वरचढ ठरतो. याउलट, काचेसारख्या ताठर बहुवारिकांत साखळ्या जखडलेल्या असल्यामुळे हायड्रोजन, हीलियम यांसारखे लहान रेणूच पुढे जातात.

या गुणाचा उपयोग पॉलिप्रॉपिलीनच्या कारखान्यांत होतो. तयार झालेल्या प्लास्टिकमध्ये अडकून राहिलेला प्रॉपिलीन वायू नायट्रोजनच्या झोताने बाहेर काढावा लागतो. हे मिश्रण पूर्वी जाळून टाकीत, म्हणजे कच्चा माल आणि नायट्रोजन दोन्ही वाया जात. १९९० नंतरच्या दशकात तेथे सिलिकोन रबराची पटले आली. सच्छिद्र आधारावर या रबराचा अतिशय पातळ थर दिलेला असतो, कारण थर जितका पातळ तितका वायूचा प्रवाह अधिक. दाबाखालील मिश्रण पटलावरून वाहते तेव्हा आकाराने मोठा असलेला प्रॉपिलीन पलीकडे जातो आणि नायट्रोजन बव्हंशी मागे राहतो. दोन्ही वायू पुन्हा वापरता येतात.

रबराची निवड मात्र काटेकोर नसते. सिलिकोन रबरातून ऑक्सिजन नायट्रोजनच्या जेमतेम दुप्पट वेगाने जातो; त्यामुळे शुद्ध ऑक्सिजनसाठी आजही मुख्यतः हवेचे द्रवीकरणच करावे लागते. जेथे मौल्यवान बाष्प हवेत किंवा नायट्रोजनमध्ये मिसळून वाया जाते, तेथे मात्र फुग्याला मलूल करणारा हा दोषच उपयोगी पडतो.