काटेरी म्हणून नाकारलेली बोरी

हॉथॉर्नचं रोप नागपुरात कुठे मिळेल, असं विचारणारे हल्ली बरेच भेटतात. इंग्लंडातल्या शेतांच्या कुंपणावर मे महिन्यात पांढऱ्या फुलांनी भरून जाणारं हे झाड त्यांनी सिनेमात पाहिलेलं असतं. ऑनलाइन दुकानांत त्याच्या बियाही विकायला असतात. सावली केली, पाणी भरपूर दिलं की कुठलंही झाड कुठेही जगतं, असा त्यामागचा समज. तो चूक आहे. हॉथॉर्न सफरचंदाच्या कुळातला. त्याची बी रुजण्याआधी कित्येक महिने थंड ओलाव्यात पडून राहावी लागते आणि वाढलेल्या झाडालाही दर वर्षी खरा हिवाळा हवा असतो. आपल्या देशात तो काश्मीरसारख्या थंड डोंगराळ भागात वाढतो. नागपूरची थंडी बोचरी असली तरी त्याला पुरणारी नाही. आणि उन्हाळा? २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता.

पण बेताची उंची, काटेरी आडोसा, फुलांवर मधमाश्या, फळांवर पाखरं, हे सगळं ज्याच्याकडून हवं आहे ते झाड आपल्याकडे धुऱ्याधुऱ्यावर उभं आहे. ती म्हणजे बोरी. तरी नव्या लेआउटमधल्या घरांभोवती ती औषधालाही सापडत नाही.

पहिलं कारण सांगितलं जातं ते अशुभाचं. काटेरी झाड दारात नको, घरात भांडणं होतात, म्हणे. मग संक्रांतीच्या सुगडात ऊस, हरभरा, गाजराबरोबर बोरं का घालतो आपण? घरातल्या तान्ह्याला बोरन्हाण का घालतो? अमृतसरच्या हरमंदिर साहिबच्या सरोवराकाठच्या बोरी तर आजही भक्तिभावाने जपल्या जातात. शुभ-अशुभाचा प्रश्न नाही. प्रश्न जागेचा आहे. बोरीची फांदी जवळून पाहा. पानाच्या बुडाशी काट्यांची जोडी असते, त्यातला एक बहुधा सरळ आणि दुसरा आकड्यासारखा मागे वळलेला. सरळ काटा टोचतो, वाकडा सदरा धरून ठेवतो. म्हणून फाटक, पायवाट आणि मुलांची खेळायची जागा सोडून, दिवसभर ऊन येणारा कोपरा तिला द्यावा. भिंतीपासून दहा-बारा फूट लांब. हे लावण्याआधीच ठरवा, कारण झाड आपल्या आवारातलं असलं तरी शहरात ते तोडायला १९७५ च्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते एप्रिल-मेमध्ये. बोरीची पानं पिवळी पडून झडू लागतात आणि घरचे लोक घाबरतात. झाड वाळलं समजून कुणी रोज बादल्या ओततं, कुणी थेट कुऱ्हाड आणतं. खरं तर बोरी त्या वेळी झोपलेली असते. उन्हाळ्यात पानं टाकून द्यायची, पाण्याचा खर्च थांबवायचा, नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, असा निभावून न्यायचा आणि पाऊस पडला की नव्याने फुटायचं, ही तिची रीत. तिचं सोटमूळ खोल गेलेलं असतं, त्यामुळे मोठ्या झाडाला या दिवसांत पाणी देण्याची गरजच नसते.

आणि हीच छाटणीची वेळ. बोरीला काही करावं लागत नाही, ती आपोआप येते, हा समज निम्माच खरा आहे. झाड आपोआप जगतं. चांगली बोरं आपोआप येत नाहीत. बोरीला फुलं येतात ती त्याच वर्षीच्या नव्या फुटव्यांवर, पानांच्या बगलेत. जुन्या फांद्या तशाच राहिल्या तर नवी फूट कमजोर निघते, झाडाचं जाळं होतं, आत ऊन शिरत नाही आणि बोरं वर्षागणिक बारीक होत जातात. महाराष्ट्रात एप्रिलअखेर, झाड झोपेत असताना, गेल्या वर्षीच्या फांद्या आखूड कापाव्यात. आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढाव्यात. छाटलेलं झाड बघून शेजारी हळहळतील. जुलैत तेच हिरवंगार झालेलं दिसेल. पाण्याची खरी गरज पुढे, पावसाळा सरल्यावर, फळ धरून मोठं होताना असते. तेव्हा जमीन कोरडी पडली तर बारकी बोरं गळतात.

गोड बोराची बी लावली की गोड बोरच येईल, हीही एक आशा. बियांपासून आलेलं झाड आईसारखं निघेलच असं नाही. बहुतेकदा आंबट, लहान फळाचंच निघतं. म्हणून जागेवरच गावठी बी टोकून त्या रोपावर उमराण किंवा मेहरूणसारख्या वाणाचा डोळा भरतात. जागेवर टोकण्याचं कारण सोटमूळ. पिशवीत ते वेटोळं होऊन बसतं. पावसाळ्यात साल सहज सुटते. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या रोपाच्या सालीला चिरा देऊन आत चांगल्या झाडाचा डोळा सरकवायचा, तो उघडा ठेवून वर-खाली प्लास्टिकची पट्टी बांधायची. डोळा फुटला की वरचा गावठी शेंडा कापायचा. डोळ्याच्या खालून येणारे फुटवे मात्र सतत खुडत राहा. ते गावठी असतात आणि दुर्लक्ष झालं तर वरचं कलम दाबून टाकतात. ‘आमचं उमराण दोन वर्षांत आंबट झालं’ ही तक्रार बहुधा इथून येते.

बाजारातलं अ‍ॅपल बोर हे सफरचंदाचा संकर आहे, असं विक्रेतेही सांगतात. सफरचंद आणि बोरी वेगवेगळ्या कुळांतली झाडं, त्यांचा संकर होत नाही. थायलंडकडून आलेला हा बोरीचाच एक मोठ्या फळाचा वाण आहे. बोरं खाल्ली की खोकला होतो, यातही तथ्य नाही. बोरांचा आणि सर्दी-पडशाचा हंगाम एकच, एवढाच योग. उलट ताज्या बोरातलं क जीवनसत्त्व संत्र्याच्या तोडीचं असतं.

राहिली अळी. ती बोरात आपोआप तयार होत नाही. फळमाशी कोवळ्या बोराच्या सालीखाली अंडी घालते, अळी आठळीभोवतीचा गर खाते, मग बाहेर पडून मातीत कोश करते. पुढच्या हंगामातल्या माश्या याच मातीतून निघतात. त्यामुळे पिकलेलं फळ फवारून उपयोग नाही. खाली पडलेली किडकी बोरं रोज वेचून खोल पुरून टाकावीत, आणि मेमध्ये झाडाखालची माती चार-सहा बोटं उकरून उन्हात तापू द्यावी, म्हणजे कोश वर येऊन मरतात. शेजारच्या आवारात बोरी असेल तर त्यांनाही त्याच आठवड्यात हे करायला सांगा, नाहीतर तिथल्या माश्या तुमच्या झाडावर येतील.