वाकडे दात आणि वयाचा प्रश्न

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे महापे हे मूळचे आगरी वस्तीचे गाव. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली, त्यानंतर या पट्ट्यात कारखाने उभे राहिले व कालांतराने माहिती-तंत्रज्ञानाच्या कचेऱ्याही आल्या. येथील एखाद्या कामगार-कुटुंबाची कल्पना करावी. नऊ वर्षांच्या मुलीचे वरचे पटाशीचे दात पुढे आलेले आहेत. छत्तीस वर्षांच्या बापाचेही तसेच आहेत. मुलीविषयी घरातील मंडळी म्हणतात, ‘दुधाचे सगळे दात पडू द्या, मग पाहू.’ बापाविषयी म्हणतात, ‘आता या वयात काय तारा बसवायच्या?’ ही दोन्ही विधाने वयाविषयीच आहेत आणि दोन्ही अर्धवट खरी आहेत. त्यांतील खरे कोणते व खोटे कोणते, हे कळण्यासाठी दोन निरनिराळ्या क्रिया वेगळ्या करून पाहाव्या लागतात. दाताचे हाडातून सरकणे ही पहिली क्रिया आणि जबड्याची वाढ ही दुसरी.

दात हाडात खिळ्याप्रमाणे रुतलेला नसतो. दाताचे मूळ व भोवतालचे हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो आणि त्या तंतूंनी दात जणू टांगलेला असतो. दातावर सौम्य व सतत दाब दिला, की ज्या बाजूस हा थर दबतो त्या बाजूचे हाड अस्थिभंजक पेशी विरघळवितात. ज्या बाजूस तो ताणला जातो तेथे अस्थिजनक पेशी नवे हाड रचतात. अशा रीतीने खोबणीसह दात पुढे सरकतो. हा व्यापार सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम दाखविण्याचे श्रेय स्वीडनमधील कार्ल सँडस्टेड यांच्या १९०४ च्या सुमाराच्या प्रयोगांना दिले जाते. दाब फार झाला तर त्या थरातील रक्तवाहिन्या मिटतात, पेशी मरतात व दात काही काळ जागचा हलत नाही. म्हणून अधिक जोर लावल्याने काम लवकर होत नाही, उलट ते लांबते आणि दाताचे मूळ झिजण्याचा धोकाही वाढतो. महिन्याला सुमारे एक मिलिमीटर ही दात सरकण्याची साधारण गती होय. उपचारास दीड-दोन वर्षे लागतात ती याच कारणाने.

हाड विरघळण्याची व रचले जाण्याची ही क्रिया माणसाच्या अंतापर्यंत चालू राहते. प्रौढात आरंभ किंचित मंद असतो एवढेच. तेव्हा ‘या वयात दात सरकत नाहीत’ ही समजूत निराधार आहे. छत्तिशीतच काय, साठीतही दात सरकविता येतात.

जबड्याच्या वाढीची गोष्ट मात्र वेगळी आहे. दात पुढे आलेले दिसतात त्याचे कारण पुष्कळदा दातांत नसून खालचा जबडा मागे राहिल्यात असते. एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली पहिल्या कायमच्या दाढांच्या परस्परसंबंधावरून जे तीन वर्ग केले, त्यांपैकी दुसऱ्या वर्गात अशी मुखे मोडतात. मूल वाढत असेपर्यंत काढता-घालता येणाऱ्या साधनाने खालचा जबडा पुढे धरून ठेवता येतो व वाढीच्या जोमाचा उपयोग करून घेता येतो. वरचा जबडा अरुंद असेल तर टाळूच्या मध्यावरील सांधा पक्का होण्यापूर्वी तो रुंदावता येतो. किशोरवय सरले की ही दोन्ही दारे बहुतांशी मिटतात.

म्हणून मुलीच्या बाबतीत ‘सगळे दात पडू द्या’ हा सल्ला धोक्याचा ठरतो. तथापि ‘जितके लवकर तितके बरे’ हेही सर्वस्वी खरे नव्हे. सातव्या वर्षाच्या सुमारास, पहिल्या कायमच्या दाढा व पटाशीचे दात येऊ लागले की तपासणी व्हावी, असा तज्ज्ञांचा संकेत आहे. तपासणी म्हणजे लगेच उपचार नव्हे. वरचे दात खालच्या दातांच्या आत बसत असतील, अंगठा चोखण्याची सवय सुटत नसेल, किंवा किडीमुळे दुधाची दाढ अकाली काढावी लागून कायमच्या दाताची जागा बुजत असेल, तर तेव्हाच हस्तक्षेप करणे इष्ट असते. पुढे आलेल्या दातांचा मुख्य उपचार मात्र वाढीच्या भराच्या काळात केला तरी अंतिम फल जवळजवळ तेच मिळते. लवकर उपचाराचा ठळक लाभ असा, की खेळताना पडून पुढचे दात मोडण्याचा संभव कमी होतो.

बापापुढे तीन पर्याय उरतात: आहे ते स्वीकारणे, वरच्या दोन उपदाढा काढून त्या जागेत पुढचे दात मागे घेणे, अथवा दोष मोठा असल्यास तारांच्या जोडीस जबड्याची शस्त्रक्रिया करणे. उपदाढा काढण्याचे नाव निघताच ‘वरचा दात काढला की नजर जाते’ ही भीती उभी राहते. दातांची संवेदना पाचव्या मस्तिष्क-चेतेच्या शाखांतून जाते व दृष्टी दुसऱ्या चेतेतून. यांचा असा काही संबंध नाही. खरा अडसर हिरड्यांचा असतो. मिश्री व तंबाखूची सवय आणि दीर्घकालीन पायोरिया यांनी दातांचा आधार खचलेला असल्यास आधी त्यावर उपचार व्हावा लागतो. सुजलेल्या हिरडीत दात सरकविला तर हाड अधिकच झिजते. गुटख्याने तोंड पुरते उघडेनासे झाले असेल तर तारा बसविणेही कठीण होते.

साधने काळानुसार पालटली. पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचा पट्टा बसवावा लागे. मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ साली दाताचे कवच आम्लाने खरखरीत करून त्यावर पदार्थ घट्ट चिकटविण्याची रीत दाखविली व कालांतराने पट्ट्यांची जागा चिकटविलेल्या छोट्या खुंट्यांनी घेतली. विसाव्या शतकाच्या अखेरीस पारदर्शक साचेही आले. साधन कोणतेही असो, दात सरकतो तो त्याच पेशींच्या द्वारे. यास्तव तपासणी व क्ष-किरणचित्रे यांवाचून दात सरळ करू पाहणे अविचाराचे ठरते.

तारा निघाल्या म्हणजे उपचार संपला, असे नाही. दाताच्या मानेभोवतीचे हिरडीतील तंतू नव्या स्थितीस रुळण्यास वर्षभरही घेतात व तोवर दातास मागे ओढतात. त्यासाठी रिटेनर वापरावा लागतो. तो सोडून दिल्याने दोन वर्षांचे श्रम वाया गेल्याची उदाहरणे मुलांत व प्रौढांत सारखीच आढळतात.

मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ साली सुरू झाले. या शाखेच्या तज्ज्ञांची इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी १९६५ साली स्थापन झाली. आज महापे येथील रहिवाशास घणसोली वा कोपरखैरणे स्थानकावरून लोकलने नेरूळ येथील दंतमहाविद्यालयांत जाता येते. तेथे अध्यापकांच्या देखरेखीखाली पदव्युत्तर विद्यार्थी हा उपचार करतात व खर्चही खाजगी दवाखान्याहून सामान्यतः कमी येतो. अडचण उरते ती दर महिन्या-दीड महिन्याने पाळीतून रजा काढण्याची. बापाचा उपचार काही वर्षे लांबला तरी, हिरड्या जपल्या तर, फारसे बिघडत नाही. मुलीची वाढ मात्र कोणाच्या सवडीसाठी थांबत नाही. एकाच घरात एकाचीच रजा व एकाचाच खर्च परवडत असेल, तर तो आधी कोणासाठी व्हावा, याचा निर्णय शरीरशास्त्रानेच देऊन ठेवला आहे.