कोठारातील तांदूळ आणि उष्णता

भाताची मळणी होऊन दाणे कोठारात गेले म्हणजे त्यांचे जीवन संपले, असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः तुसातील दाणा सजीवच असतो. तो मंद गतीने श्वसन करतो. प्राणवायू घेऊन स्वतःतील पिष्ट खर्ची घालतो, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर पडतात. कोरड्या व थंड दाण्यात ही क्रिया जवळजवळ थांबल्यासारखी असते. ओलावा वाढताच ती वेग घेते. त्यातच धान्याचा ढीग हा उष्णतेचा मंदवाहक असल्यामुळे मधोमध निर्माण झालेली ऊब तेथेच कोंडून राहते. ऊब वाढली की श्वसन वाढते आणि श्वसनाने ऊब आणखी वाढते.

या उबेचा लाभ प्रथम सोंडे किडे घेतात. २८ ते ३० अंश सेल्सिअस उष्णतामानात त्यांची एक पिढी सुमारे महिन्याभरात तयार होते. १५ अंशांच्या खाली मात्र त्यांची वाढ जवळजवळ थांबते. किड्यांच्या स्वतःच्या उष्णतेने ढिगाचा गाभा ४० अंशांच्या आसपास तापला, की ते कडेला सरकतात. मागे उरलेल्या ओलाव्यावर बुरशी माजते, आणि ती उष्णतामान ५० अंशांपलीकडेही नेऊ शकते. तेव्हा बियाणे मरते, दाणे पिवळे पडतात, कुबट वास येतो. कांडलेल्या तांदळाचे स्वतःचे श्वसन नगण्य असते खरे, पण त्याचे संरक्षक तूसही गेलेले असते. म्हणूनच दीर्घकाळ साठवण करावयाची असल्यास ती तुसासह करणे शहाणपणाचे.

केरळ, कोकण वा बंगालसारख्या प्रदेशांत पावसाळ्यातील हवेची सापेक्ष आर्द्रता पुष्कळदा ८० टक्क्यांहून अधिक असते. दाणा भोवतालच्या हवेशी ओलाव्याची देवघेव करीत असतो. ७५ टक्के आर्द्रतेच्या उष्ण हवेत तो सुमारे १४ टक्क्यांवर स्थिरावतो. म्हणून अशा दिवसांत कोठाराची दारे सताड उघडून वारा खेळविणे म्हणजे बहुधा धान्याला पाणी पाजणेच होय. पंख्याने हवा सोडावयाची तर ती कोरड्या व थंड वेळीच सोडली पाहिजे.

तेव्हा पहिला उपाय वाळविण्याचा. काही महिन्यांसाठी १४ टक्के ओलावा चालतो. वर्षभर ठेवावयाचे तर १३ टक्क्यांच्या वर नसावा. कडक उन्हात घाईने वाळविल्यास दाण्याला तडे जातात व कांडताना कणी अधिक पडते. वाळलेले भात निवल्याशिवाय पोत्यांत भरू नये, ही गोष्ट मात्र वारंवार दुर्लक्षिली जाते. पत्र्याच्या पिंपात गरम धान्य भरले, तर रात्री पत्रा थंड होतो, आतील बाष्प त्यावर जमते आणि कडेचे दाणे भिजतात.

केरळातील लाकडी पत्तायम किंवा कोकणातील शेणामातीने लिंपलेली कणगी यांत हा दोष कमी. कारण लाकूड व माती लवकर तापत नाहीत आणि लवकर निवतही नाहीत. नव्या गोदामांत यंत्राने थंड केलेली हवा ढिगात सोडता येते, पण तिचा खर्च लहान शेतकऱ्याला झेपणारा नाही. त्याला हवाबंद पिशवी अधिक सोयीची: आतील प्राणवायू संपत जाऊन किडे गुदमरतात. ओले भात मात्र त्यातही नासते.

ढिगाच्या पृष्ठभागावर हात ठेवून आतील तापाचा पत्ता लागत नाही. लांब उष्णतामापक नसेल तेथे लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून ठेवावी व काही वेळाने काढावी. तिचे टोक हाताला ऊन लागले, तर ते धान्य त्याच दिवशी उपसून छपराखाली पातळ पसरावे लागते.