शिशाच्या काचेपलीकडे

दरवर्षी नव्या तुकडीचा पहिला तास घेताना मी मुलांना एकेक कोरा कागद देत असे. या व्यवसायात तुम्ही का येत आहात, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर त्यावर लिहायचे. नाव घालायचे नाही, म्हणजे उत्तर खरे येते. रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात माझी सारी नोकरी झाली, शेवटची 12 वर्षे शिकवण्यातही गेली. त्यामुळे असे कागद बरेच साठले. त्यांत रुग्णसेवेची आवड लिहिणारे थोडे. वैद्यकीय प्रवेश थोडक्या गुणांनी हुकला, बारावी विज्ञानानंतर लवकर नोकरी लागेल असे काही हवे होते, मामांच्या ओळखीतले कोणी या कामात आहेत, यंत्रे आवडतात. बहुतेकांची उत्तरे अशीच. एकाने तर प्रांजळपणे लिहिले होते, की त्याला रक्त पाहवत नाही.

या उत्तरांचे मला कधी वाईट वाटले नाही. माझे स्वतःचे कारण त्याहून उदात्त नव्हते. घरात धाकटी भावंडे होती आणि पदविका दोन वर्षांत पदरात पडत होती. आता पदवी अभ्यासक्रमही आहेत, आणि संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी 2021 साली झालेल्या केंद्रीय कायद्याने या कामाला देशपातळीवर चौकटही मिळाली आहे. तरीही नातवाने किंवा नातीने हे क्षेत्र निवडले, की घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात दोन शंका येतातच. किरणांचा काही अपाय होणार नाही ना, ही एक. आणि नुसते बटण दाबण्यासाठी एवढे शिक्षण कशाला, ही दुसरी.

पहिली शंका निराधार नाही. 8 नोव्हेंबर 1895 रोजी जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे विल्हेल्म रॉन्टगेन यांना हे अज्ञात किरण प्रथम जाणवले. बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर त्यांनी किरणांना दिले, आणि मराठीत त्याच राशीला ‘क्ष’ म्हणत असल्याने आपल्याकडे ते क्ष-किरण झाले. त्यांनी पत्नीच्या हाताचे चित्र घेतले, त्यात हाडे आणि बोटातली अंगठी स्पष्ट दिसत होती. पुढच्या काही वर्षांत अनेकांनी हे यंत्र उत्साहाने हाताळले, तपासणीसाठी स्वतःचाच हात पुन्हापुन्हा किरणांत धरला, आणि बोटे गमावली, काहींनी प्राणही. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात 1936 साली त्यांचे स्मारक उभारले गेले.

आज परिस्थिती निराळी आहे ती त्या माणसांमुळेच. तंत्रज्ञ शिशाच्या काचेआड उभा राहतो. खोलीत थांबावेच लागले तर शिशाचा ॲप्रन घालतो आणि शक्य तितका दूर सरकतो, कारण अंतर दुप्पट झाले की किरणांची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. त्याच्या छातीवर एक लहानसा बिल्ला असतो. तो ठरावीक मुदतीने प्रयोगशाळेत जातो आणि अंगावर किती किरण पडले याची नोंद होते. अणुऊर्जा नियामक मंडळाने घातलेल्या मर्यादेशी ती ताडून पाहिली जाते. रुग्णाच्या दृष्टीने सांगायचे, तर छातीच्या एका एक्स-रेमध्ये साधारण 0.1 मिलीसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी मात्रा मिळते. माती, खडक, हवा आणि आकाश यांतून माणसाला वर्षाकाठी सरासरी 2.4 मिलीसिव्हर्ट मिळतच असतात. सीटी स्कॅनची मात्रा मात्र एक्स-रेच्या कित्येक पट असते. म्हणून जुने स्कॅन जपून ठेवावेत आणि नव्या डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यावेत. तीच तपासणी पुन्हा करण्याची वेळ बहुधा टळते.

आता बटणाविषयी. बटण दाबायला एक सेकंदही लागत नाही. त्याआधीची दहा मिनिटे हे खरे काम. छातीचा एक्स-रे शक्यतो उभे राहून, छाती पट्टीला टेकवून आणि किरण पाठीकडून सोडून घेतात. त्यामुळे हृदयाची सावली खऱ्या आकाराच्या जवळ राहते. ज्यांना उभे राहवत नाही, त्यांचा समोरून घ्यावा लागतो, आणि मग तेच हृदय मोठे दिसते. तंत्रज्ञाने चित्रावर तशी खूण केली नाही, तर वाचणाऱ्याची फसगत व्हायची. पाठीवर रुळणारी वेणी फुप्फुसाच्या वरच्या भागावर छाया टाकते, आणि ती छाया आजारासारखी दिसू शकते. मंगळसूत्र काढायला आजी तयार नसतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी ते त्यांच्याच मनगटाला गुंडाळून देत असे, कारण या चित्रात मनगट येतच नाही.

घरात पडलेले वृद्ध हा या कामातला सर्वांत नाजूक भाग. पाय आखूड झालेला आणि बाहेर वळलेला दिसला, की खुब्याजवळचे हाड मोडले असावे अशी शंका येते. असा पाय चित्रासाठी वळवायचा नसतो. तो आहे तिथे राहू देऊन दुसरा पाय उचलून धरतात आणि किरण आडवे सोडून बाजूचे चित्र घेतात. पाठीला पोक आलेल्या माणसाला सपाट टेबलावर उताणे निजवले, तर मान अधांतरी राहते; डोक्याखाली उशी आणि गुडघ्यांखाली आधार दिला, तरच तो स्थिर राहू शकतो. हे पुस्तकात असते, पण दुखऱ्या माणसाच्या पाठीखाली हात कसा घालायचा हे हातालाच शिकावे लागते. काळजी घेणाऱ्यांनी अशा वेळी एवढेच करावे: कुठे दुखते, कोणत्या कुशीवर वळता येत नाही, ऐकू कमी येते का, हे आत जाण्यापूर्वीच सांगावे. एमआरआय असेल, तर पेसमेकर किंवा शरीरात बसवलेला कोणताही धातू न विसरता सांगावा. ती बाब जिवाशी येऊ शकते.

या दोन शंकांपलीकडे एक गोष्ट आहे, आणि ती त्या कागदांवर कोणीच लिहीत नाही, कारण अठराव्या वर्षी ती ठाऊक नसते. आजार घरच्यांच्या आधी, बहुतेकदा डॉक्टरांच्याही आधी, तंत्रज्ञाला दिसतो.

फिल्म धुण्याच्या काळात डार्करूमच्या तांबड्या दिव्यात ते हळूहळू उमटत असे. आता पडद्यावर चार-पाच सेकंदांत येते. खोकल्यासाठी आलेले सत्तरीचे गृहस्थ पलीकडे सदऱ्याची बटणे लावत असतात, बाहेर बाकावर पत्नी पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असते, आणि उजव्या फुप्फुसात जे नसावे ते आपल्याला दिसते. ‘ताई, ठीक आहे ना सगळं?’ ते विचारतात. उत्तर देण्याचा अधिकार आपल्याला नसतो. तो रेडिओलॉजिस्टचा आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा. आणि तो त्यांचाच असावा, कारण छायेवरून निदान करणे हे वेगळे शास्त्र आहे, तिथे अनुभवी नजरही चुकते. जिवाला तातडीचा धोका दिसला, तर तंत्रज्ञाने डॉक्टरांना तत्काळ बोलवायचे असते. एरवी चेहरा बदलू द्यायचा नाही, आणि खोटा दिलासाही द्यायचा नाही. या दोहोंच्या मध्ये कसे उभे राहायचे, हे मला कोणी शिकवले नव्हते. कित्येक संध्याकाळी घरी गेल्यावर मी भाजी निवडत गप्प बसून राहिले आहे. काही मुले याच ओझ्याने दोन-तीन वर्षांत दुसरीकडे वळतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. जी टिकतात, त्यांना पुढे विचारले, तर बारावीच्या गुणांची गोष्ट कोणी सांगत नाही. एखादी आजी, एखादे तान्हे मूल, एखादी रात्रपाळी, असे काहीतरी सांगतात.

मागच्या पावसाळ्यात मी अंगणातल्या पायरीवर घसरले. खुबा दुखावला, म्हणून मुलाने जवळच्या एका रुग्णालयात नेले. आत बावीस-तेवीस वर्षांची मुलगी होती; माझ्या विद्यार्थ्यांपैकी नव्हती. मी कोण हे मी तिला सांगितले नाही. पट्टी थंडगार असते हे ओळखून तिने आधी तिच्यावर चादर घडी करून घातली, मग हात माझ्या पाठीखाली सरकवला आणि पुढे काय करणार हे प्रत्येक वेळी आधी सांगितले. पाय वळवला नाही. चित्र पडद्यावर आले, तेव्हा मी काचेतून तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यावरून मला काहीही कळले नाही.

सारे नियम ठाऊक असूनही मी विचारलेच, ‘काही दिसलं का गं?’

‘डॉक्टर आत्ताच बघतील, आजी. मी त्यांना फोन करते,’ ती म्हणाली, आणि उघड्या राहिलेल्या माझ्या पावलांवर तिने पांघरूण ओढले.