हलकी मोटार आणि हायड्रोजनचा इंधनघट

हायड्रोजनवर चालणारी मोटार म्हणजे पाण्यावर चालणारी मोटार, असा समज पुष्कळ ठिकाणी रूढ झालेला आढळतो. अशा मोटारीच्या नळीतून धुराऐवजी पाणी व वाफ बाहेर पडते, हे खरे आहे. परंतु पाणी हे तिचे इंधन नसून इंधन खर्ची पडल्यावर उरलेली राख होय. पाण्यापासून पुन्हा हायड्रोजन व प्राणवायू वेगळे करता येतात. मात्र त्यासाठी जी वीज लागते, ती पुढे परत मिळणाऱ्या विजेपेक्षा नेहमीच अधिक असते. पाण्यावर गाडी चालवून देतो असे सांगत कोणी पैसे मागू लागल्यास गावकऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. आणि हे त्यांना शाळेतूनच कळणे बरे.

हायड्रोजनपासून वीज निर्माण करणाऱ्या साधनास इंधनघट म्हणतात. त्यात एका पातळ पटलाच्या एका बाजूस हायड्रोजन व दुसऱ्या बाजूस हवा सोडलेली असते. प्लॅटिनमसारख्या उत्प्रेरकाच्या सान्निध्यात हायड्रोजनच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात. पटल त्यांना वाट देत नाही, म्हणून ते तारेतून वळसा घालून पलीकडे जातात. हा वळसा हाच विजेचा प्रवाह होय. उरलेले प्रोटॉन पटलातून पार होतात आणि पलीकडे प्राणवायूशी मिळून त्यांचे पाणी होते. ज्वाला कोठेच नसते. एका घटातून जेमतेम पाऊण व्होल्ट मिळतो. यास्तव असे पुष्कळ घट एकावर एक रचून त्यांची चळत करावी लागते.

अशी चळत महाराष्ट्रात पुण्यास तयार झाली. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळा आणि केपीआयटी ही कंपनी यांनी मिळून तयार केलेल्या इंधनघटावर मोटार चालविण्याची चाचणी ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाली. तो घट १० किलोवॅटचा होता. टाकीत सुमारे १.७५ किलो हायड्रोजन हवेच्या दाबाच्या जवळजवळ ३५० पट दाबाने भरलेला होता आणि तेवढ्यावर सुमारे २५० किलोमीटर मजल गाठता येईल, असा हिशेब होता. घटांमधील पत्रे अतिशय पातळ धातूचे केल्याने चळतीचे वजन सुमारे दोनतृतीयांश घटले, ही त्यातील विशेष गोष्ट. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये तेथेच इंधनघटावरील बसही लोकांपुढे आली.

वजनाची एवढी काळजी कशासाठी, हे यवतमाळ जिल्ह्यातील मुलांस शंकरपटावरून चटकन उमगेल. माल वाहणारी बंडी पटात कोणी जुंपत नाही. तेथे हलकी छकडीच लागते. मोटारीचेही तसेच. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाण्यास थोडीच शक्ती पुरते. जोर लागतो तो वेग घेताना आणि चढ चढताना, आणि तो वजनाच्या प्रमाणात लागतो. जड मोटारीस मोठा घट हवा, मोठ्या घटास मोठी टाकी हवी, आणि टाकीचे वजन तर आतील वायूच्या कितीतरी पट असते. म्हणजे जडपणातून जडपणाच वाढतो. हलकेपणापासून आरंभ केला की हेच चक्र उलट फिरते.

वेल्समधील रिव्हरसिंपल कंपनीने २०१६ मध्ये दाखविलेली ‘रासा’ ही दोन आसनी मोटार या विचाराचे उत्तम उदाहरण आहे. तिचे वजन अवघे ५८० किलो. घट ८.५ किलोवॅटचा, म्हणजे साध्या मोटारसायकलीच्या इंजिनाएवढाच. हायड्रोजन दीड किलो आणि त्यावर सुमारे ४८० किलोमीटरची मजल, असे कंपनीचे म्हणणे. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती विजेच्या रूपाने साठवून ती वेग घेताना वापरावयाची, म्हणून लहान घट पुरतो. ‘रासा’ हे नाव ज्या लॅटिन शब्दांवरून घेतले त्यांचा अर्थ आपल्या भाषेत ‘कोरी पाटी’ असा आहे! त्यापूर्वी २००८ मध्ये लाकडी सांगाड्याच्या मोटारींबद्दल प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधील मॉर्गन कंपनीची ‘लाइफकार’ ही हलकी क्रीडामोटार जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडली गेली होती. तिच्यातही लहान घट व वीज साठविणारी साधने यांचीच जोडी होती.

या साऱ्यात एक उणीव आहे, ती मुलांपासून लपवू नये. हायड्रोजन खाणीतून सहजासहजी मिळत नाही. आज जगात तो बहुतांशी नैसर्गिक वायू व कोळसा यांपासून काढतात आणि त्यात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोच. सूर्याच्या किंवा वाऱ्याच्या विजेने पाण्याचे विघटन केले, तरच ही मोटार खऱ्या अर्थाने निर्धूर ठरेल. ती वीज थेट बॅटरीत भरली तर कमी वाया जाते, हेही तितकेच खरे.

वर्गात दाखविण्याजोगा एक प्रयोग आहे. दोन शिसपेन्सिलींना दोन्ही टोके काढावीत. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून पेन्सिलींची खालची टोके त्यात बुडवावीत, पण एकमेकांस लागू देऊ नयेत. वरची टोके ९ व्होल्टच्या बॅटरीस तारांनी जोडावीत. ऋण टोकाशी हायड्रोजनचे बुडबुडे भरभर निघू लागतात. काही मिनिटांनी बॅटरी काढून त्याच तारा मल्टिमीटरला लावाव्यात. टोकांना चिकटलेले वायू पुन्हा एकत्र येऊ लागतात व मीटर काही क्षण व्होल्ट दाखवितो. विल्यम ग्रोव्ह या वेल्समध्येच जन्मलेल्या शास्त्रज्ञाने १८३९ च्या सुमारास प्लॅटिनम वापरून हेच पाहिले होते. सोड्याऐवजी मीठ घालू नये, कारण मिठाने क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. आणि निघालेला वायू बाटलीत कोंडून त्यास काडी लावण्याचा मोह वर्गात मुळीच होऊ देऊ नये.